अँटेना कितीही भारी असू दे, उभे कुठे राहिलात ते आधी सांगा

या महिन्यात नाशिककडून आलेले बरेच प्रश्न फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतात, नुसती दिशा घेऊन एखादी गोष्ट नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं. म्हणून ते एकत्रच घेतोय.

प्रश्न : सर, आम्ही इंजिनिअरिंगची काही मुलं-मुली आहोत. इथल्या लायसन्सवाल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, सिनिअर्सनी आमच्यासाठी फॉक्स हंट ठेवला होता, म्हणजे त्यांनी शहरात कुठेतरी १४५ मेगाहर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर लपवायचा आणि आम्ही फक्त दिशा घेऊन शोधायचा. उंचावरून सिग्नल छान मिळेल म्हणून एक टीम पांडवलेणीवर चढली, दुसरी म्हसरूळच्या चामरलेणीवर. सिग्नल खणखणीत होता, दोघांनी बेअरिंग, म्हणजे सिग्नल येण्याची दिशा, पण नीट घेतलं, पण नकाशावर रेघा मारल्या तर त्या जवळजवळ एकमेकींवरच पडल्या. एकदा क्रॉसिंग गोविंदनगरला, एकदा सीबीएस स्टँडला, एकदा पार उत्तरेच्या मेरी भागाकडे. ट्रान्समीटर शेवटी गोल्फ क्लब मैदानाजवळ निघाला. आता सगळे म्हणतायत तीन एलिमेंटच्या यागीऐवजी (तीन दांड्यांचा, एका दिशेने जास्त ऐकणारा अँटेना) मोठा अँटेना बनवू. बनवावा का? — विद्यार्थी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : अँटेनाला हात लावू नका, तो बिचारा त्याचं काम बरोबर करतोय. नकाशा घ्या आणि पांडवलेणी ते चामरलेणी अशी सरळ पट्टी ठेवून बघा. एक डोंगर शहराच्या नैऋत्येला, दुसरा उत्तरेला, मधलं अंतर दहा-बारा किलोमीटर, आणि ती पट्टी जाते कुठून तर गोविंदनगर, गोल्फ क्लब, सीबीएस, पंचवटी करत वर. म्हणजे तुमचा ट्रान्समीटर दोन्ही टीमना जोडणाऱ्या रेषेवरच बसला होता. पांडवलेणीवाल्यांनी सांगितलं तो उत्तरेकडे आहे, चामरलेणीवाल्यांनी सांगितलं तो दक्षिणेकडे आहे, दोघंही खरं बोलले, पण दोघांनी मिळून माहिती एकच दिली. तो त्या रेषेवर आहे हे कळलं, रेषेवर कुठे आहे ते कुणीच सांगितलं नाही.

थोडे आकडे घालून बघू म्हणजे पटेल. हातात धरलेल्या छोट्या यागीने घेतलेल्या बेअरिंगमध्ये ३ अंशांची चूक धरायला हरकत नाही. नकाशावर आपण रेघ मारतो पण खरं तर ती रेघ नसतेच, ती लांब जाता जाता रुंद होत जाणारी पाचर असते. ३ अंश म्हणजे १ किलोमीटरवर साधारण ५२ मीटर आणि साडेसहा किलोमीटरवर ३४० मीटर आडवी चूक. दोन पाचरी जिथे एकमेकींवर पडतात तो तुकडा म्हणजे तुमचं उत्तर, आणि त्या तुकड्याचा आकार पाचरी किती कोनात भेटतात त्यावर ठरतो. काटकोनात भेटल्या तर आटोपशीर चौकोनी तुकडा मिळतो, समोरासमोर किंवा जवळजवळ समांतर भेटल्या तर लांबच लांब पट्टा.

तुमच्या केसमध्ये १२ किलोमीटरची बेसलाईन, म्हणजे दोन टीममधलं अंतर, धरा, आणि ट्रान्समीटर अगदी रेषेवर नाही तर तिच्यापासून १ किलोमीटर बाजूला होता असं समजा, म्हणजे थोडी मेहेरबानीच केली. तरीसुद्धा रेषेच्या आडव्या दिशेने चूक येते २३० मीटरच्या आसपास, पण रेषेच्या लांबीच्या दिशेने येते जवळपास १.४ किलोमीटर! आणि ही नेहमीची चूक झाली, तीनातून एखाद्या वेळी ती याच्याही बाहेर जाणार. गोविंदनगर ते मेरी असं तुमचं क्रॉसिंग का नाचत होतं ते यात आलं.

आता चामरलेणीवाली टीम खाली उतरवा आणि सोमेश्वरकडे पाठवा. पांडवलेणी तशीच ठेवा. गोल्फ क्लबपासून दोन्ही ठिकाणं ढोबळमानाने साडेसहा किलोमीटर, आणि त्या दोन दिशा गोल्फ क्लबपाशी जवळजवळ काटकोनात भेटतात. तोच अँटेना, तीच ३ अंशांची चूक, तीच मुलं, आणि आता चूक दोन्ही बाजूंना साडेतीनशे मीटरच्या आसपास. तेवढा भाग पायी फिरून सहज पिंजून काढता येतो.

मोठ्या अँटेनाचं काय ते पण बघून टाकू. समजा तुम्ही खूप खटपट करून चूक ३ वरून दीड अंशावर आणली आणि परत त्याच दोन डोंगरांवर चढलात, तर १.४ किलोमीटरचे होतील ७०० मीटर. म्हणजे डबल चांगला अँटेना चुकीच्या जागी उभा करून तुम्ही जुन्या अँटेनाच्या, पण बरोबर जागी उभ्या असलेल्या, टीमपेक्षा डबल मागे. माझं याबाबतीत ठाम मत आहे, आपल्याकडे हॉबीवाले सगळा पैसा आणि वेळ अँटेनावर घालवतात आणि नकाशा उघडायला पाच मिनिटं देत नाहीत, ते उलटं व्हायला पाहिजे.

मग दोन टीममध्ये अंतर किती ठेवायचं हा पुढचा प्रश्न येणारच. समजा तुम्हाला अंदाज आहे की लक्ष्य रस्त्यापासून ५ किलोमीटर आत आहे आणि तुम्ही दोघं त्या रस्त्यावरच उभे राहू शकता. दोघांत २ किलोमीटर अंतर ठेवलंत तर बाजूची चूक १९० मीटर, पण खोलीची, म्हणजे तुमच्यापासून लांब-जवळची चूक, ९६० मीटर. अंतर वाढवून ७ किलोमीटर केलंत तर खोलीची चूक ३९० वर येते आणि बाजूची २८० होते. बाजूची वाढली कारण तुम्ही दोघंही लक्ष्यापासून जरा लांब गेलात. इथेच मेख आहे, काटकोन चांगला हे खरं, पण काटकोनासाठी लांब जावं लागत असेल तर प्रत्येक पाचर रुंद होते. गणित सोडवलं की निघतं असं : रस्त्यावरच उभं राहायचं बंधन असेल तर चुकीच्या तुकड्याचं क्षेत्रफळ सगळ्यात लहान येतं ६० अंशांच्या क्रॉसिंगला, आणि खऱ्या जागेपासूनची एकूण चूक सगळ्यात कमी येते ७० अंशांच्या जरा वर. सोपा हिशोब लक्षात ठेवायचा असेल तर बेसलाईन ही लक्ष्याच्या अंतराच्या सव्वा ते दीड पट ठेवा. आणि जवळ जाता येत असेल तर जवळ जा, त्याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पण लक्ष्य कुठे आहे ते माहीत नसताना चांगली जागा ठरवायची कशी? एका दमात ठरतच नाही, दोन दमात ठरते. आधी दोन टीम जरा फाकवून उभ्या करा, एक कच्चं उत्तर घ्या, नकाशावर तो लांबट पट्टा काढा. मग तिसरी टीम किंवा मोकळी असलेली टीम अशा जागी हलवा की तिची रेघ त्या पट्ट्याला आडवी कापेल. तुमचा पट्टा दक्षिणोत्तर होता ना, मग तिसऱ्याने पूर्वेला तपोवनाकडे किंवा पश्चिमेला सोमेश्वरकडे जायचं, परत तिसऱ्या डोंगरावर नाही. फॉक्स हंटमध्ये जिंकणारी माणसं धावण्यात फास्ट असतात असं लोकांना वाटतं, खरं म्हणजे ती पुढचं बेअरिंग कुठून घ्यायचं ते आधीचं बेअरिंग घेतानाच ठरवतात.

आता उंचीबद्दल. सोमेश्वर नदीकाठी, खाली, झाडं भरपूर, तिथे सिग्नल पांडवलेणीइतका खणखणीत येणार नाही हे मान्य. म्हणून मग एखाद्याला वाटतं गंगापूर रोडवरच्या उंच बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊ. जा, परवानगी घेऊन जा, पण गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलरचे सांगाडे, मोबाईलचे टॉवर, लोखंडी रेलिंग, यातली प्रत्येक वस्तू सिग्नल परत फेकते आणि तुम्हाला भलतीच दिशा दाखवते. डोंगरावरही तेच, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मागे खडकाची भिंत असेल तर तिच्यावरून येणारा सिग्नल पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. अंबड-सातपूरला पत्र्याच्या शेडजवळ किंवा हाय टेन्शन लाईनखाली तर बेअरिंग घेऊच नका. ओळखायचं कसं तर १४५ मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ २ मीटरच्या जरा वर असते, त्यामुळे दहा-पंधरा पावलं चालून परत बेअरिंग घ्या, परत दहा-पंधरा पावलं, परत घ्या. सगळी तीन-चार अंशांत येत असतील तर जागा चांगली. एक ईशान्य आणि एक थेट पूर्व दाखवत असेल तर तिथून निघा, सिग्नल कितीही मोठा असला तरी. मोठा सिग्नल आणि खरी दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक, बेअरिंग घेताना सिग्नल सगळ्यात जास्त कुठे आहे ते शोधत बसू नका, छोट्या यागीचा माथा खूप सपाट असतो, वीस अंश फिरवला तरी मीटर हलत नाही. डावीकडे फिरवत न्या, सिग्नल ठराविक इतका पडला की ती दिशा लिहा, मग उजवीकडे न्या, तितकाच पडला की ती लिहा, दोन्हींचा मध्य काढा. आणि मोबाईलचा कंपास गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचू नका, गाडीचं लोखंड सुई फिरवतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक आपल्या भागात एक अंशाहून कमी आहे, त्याची काळजी सोडा, गाडीची करा.

प्रश्न : मी भूमापनात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या सोसायटीतली मुलं हा दिशाशोधनाचा खेळ खेळतात ते मी बघतो. तीन ठिकाणांहून तीन रेघा मारल्या की बारीक त्रिकोण होतो, मग मुलं त्रिकोणाच्या मधोमध टिंब देऊन म्हणतात इथेच आहे. आम्ही प्लेन टेबलवर, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या टेबलवर, त्रिकोण आला तर तो सोडवायचो, असं मध्ये टिंब द्यायचो नाही. मुलांचं बरोबर आहे का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : काका, तुमची शंका अगदी रास्त आहे. मुलांना सांगा की चुका जर खरोखर इकडे-तिकडे कशाही पडत असतील तर खरी जागा त्या त्रिकोणाच्या आत असण्याची शक्यता चारात एक आहे, बाकी तीन वेळा ती बाहेर असते. ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब सरळ आहे. प्रत्येक रेघ खऱ्या जागेच्या डावीकडून गेली असेल किंवा उजवीकडून, म्हणजे तीन रेघांचे आठ प्रकार. खरी जागा आत अडकते ती त्यातल्या फक्त दोन प्रकारांत. आठात दोन म्हणजे चारात एक. त्यामुळे त्रिकोण बारीक आला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, तीनही माणसं एकाच गल्लीत उभी असली तरी त्रिकोण बारीक येऊ शकतो आणि उत्तर अर्धा किलोमीटर लांब असू शकतं.

प्लेन टेबलचं वेगळं होतं आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, तिथे टेबलच थोडं फिरलेलं असायचं म्हणून तीनही किरणांची चूक एकाच बाजूला आणि सारख्याच कोनाची, त्यामुळे बिंदू आत की बाहेर याचे पक्के नियम होते. मुलांच्या तीन कंपासच्या चुका तशा बांधलेल्या नसतात. मुलांनी एक करावं, जी टीम लक्ष्याच्या जवळ होती तिच्या रेघेला जास्त वजन द्यावं, कारण तिची पाचर तिथे अरुंद आहे. आणि खेळ सुरू करायच्या आधी एकाने सिग्नल सोडणारा रेडिओ हँडसेट घेऊन माहीत असलेल्या जागी उभं राहावं, उदाहरणार्थ देवळाली कॅम्पच्या एखाद्या चौकात, आणि प्रत्येक टीमने त्याचं बेअरिंग घेऊन नकाशावरच्या खऱ्या दिशेशी ताडून बघावं. ज्याचा कंपास कायम चार अंश डावीकडे दाखवतो तो तिथेच सापडतो.

बाकी जागा निवडण्याचं शास्त्र रेडिओच्या आधी तुमच्याच लोकांनी पक्कं केलं. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ बेसलाईन मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, आणि त्रिकोण फार चपटे होऊ नयेत म्हणून स्टेशनांच्या जागा निवडण्यात त्या लोकांनी किती जीव काढला असेल, डोंगर नसेल तिथे देवळाच्या गोपुरावर थिओडोलाईट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, चढवला. लॅम्ब्टन १८२३ मध्ये काम चालू असतानाच गेला तो आपल्या हिंगणघाटला. दोन बाजूंच्या दोन टेकड्या आणि त्यांच्या मधोमध लक्ष्य असा घोळ त्यांनी केला नसता, कारण त्यांना एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत पोचायलाच दिवसच्या दिवस लागायचे, जागा चुकली की सगळीच मेहनत वाया.

प्रश्न : आमच्याकडे उसात बिबट्या नेहमीचा. टीव्हीवर दाखवलं की बिबट्याच्या गळ्यात कॉलर घालतात आणि मग माणसं हातात अँटेना घेऊन तो कुठे आहे ते शोधतात. आमचा पोरगा विचारतो की दोन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या बांधावर कशाला उभी करायची, एकच माणूस आधी इकडून आणि मग तिकडून दिशा घेऊ शकतो की. — शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, पोरगा विचार करतोय हे चांगलं आहे, आणि लपवून ठेवलेला ट्रान्समीटर असता तर त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण बिबट्या चालतो. तो रमतगमत ताशी ३ किलोमीटरने चालला आणि तुमच्या माणसाला मोटारसायकलवर फिरून दुसऱ्या बांधावर जायला वीस मिनिटं लागली तर बिबट्या मधल्या वेळात १ किलोमीटर गेला. मग पहिली रेघ एका जागेची, दुसरी दुसऱ्या जागेची, आणि जिथे त्या एकमेकींना कापतात तिथे तो कधी गेलाच नव्हता. म्हणून दोन माणसं, दोघांची घड्याळं जुळवलेली, आणि एकाच मिनिटाला बेअरिंग. एकटाच माणूस असेल तर प्राणी दिवसा उसात बसलेला असताना, आणि दोन बेअरिंगमध्ये शक्य तितका कमी वेळ ठेवून.

आणि इथे जागा निवडण्याला फॉक्स हंटपेक्षाही जास्त महत्त्व आहे. मघाशी मी मुलांना सांगितलं की जवळ जा, चूक कमी होईल, पण बिबट्याच्या जवळ जायचं नसतं, त्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही भल्यासाठी. मग अंतर कमी करायचा रस्ताच बंद झाला, राहिला फक्त कोन. समजा दोघंही ८०० मीटरवर आहेत आणि बेअरिंगमध्ये ५ अंशांची चूक आहे, हातातल्या अँटेनाने ओल्या उसाच्या पलीकडचा सिग्नल घेताना तेवढी येतेच. दोन रेघा काटकोनात भेटल्या तर चूक दोन्ही बाजूंना ७० मीटर, म्हणजे साधारण कुठल्या फडात आहे ते कळतं. तेच दोघं एकाच शिवाररस्त्यावर जवळजवळ उभे असतील आणि रेघा २० अंशांत भेटत असतील तर लांब-जवळची चूक २८० मीटर, म्हणजे या गट नंबरात की पलीकडच्या वस्तीजवळ तेच कळत नाही. माणसांना सावध करायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे, चुकीच्या वस्तीला सांगितलं तर बरोबर वस्ती बेसावध राहते.

बांध निवडताना विहिरीवरचे लोखंडी पाईप, डीपी, तारांचं कुंपण, उभा ट्रॅक्टर यांच्यापासून लांब राहायचं. आणि प्राणी बसला की कॉलरचा सिग्नल बारीक होतो, उठला की वाढतो, त्यावरून लांब-जवळचा अंदाज बांधू नये. हल्ली बऱ्याच कॉलरमध्ये जीपीएस असतं, जागा आपोआप कळते, तरी कॉलर गळून पडला की तो शोधायला हीच अँटेनाची पद्धत लागते. तुम्ही मात्र स्वतः काही मागे जाऊ नका, बिबट्या दिसला की वन विभागाची १९२६ ही हेल्पलाईन लावा.

प्रश्न : दामिनी अॅप वीज कुठे पडली ते दाखवतं, ते पण असंच दिशा बघून का? — विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : नाही, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभारलेलं नेटवर्क मुख्यतः वेळेच्या फरकावर चालतं. विजेचा रेडिओ स्पंद प्रत्येक सेन्सरला वेगवेगळ्या क्षणी पोचतो, एका मायक्रोसेकंदात तो ३०० मीटर जातो, त्या फरकांवरून जागा काढतात. दिशा बघून वीज शोधायची पद्धतही जुनी आहे, पण शेकडो किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे प्रत्येक १०० किलोमीटरला पावणेदोन किलोमीटर, म्हणून वेळ मोजणं परवडतं. मात्र जागेचा नियम इथेही सुटत नाही, वीज सेन्सरांच्या घेऱ्याच्या आत पडली तर ठिपका चांगला येतो, घेऱ्याच्या बाहेर, म्हणजे सगळे सेन्सर एकाच बाजूला असतील, तर लांब-जवळची चूक वाढते, अगदी वरच्या रस्त्यावरच्या दोन टीमसारखी. त्यामुळे ठिपका शेजारच्या गावात दिसतोय म्हणून शेतात थांबू नका, गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा.